मोबाईलचे फोटो बरे, कॅमेऱ्याचे वाईट. असं का होतंय?

शेवंती
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

ओळखीतल्या एका मुलाकडून जुना निकॉन डी३२०० घेतला, सोबत १८-५५ची लेन्स. स्वस्तात मिळाला आणि हौस जुनीच होती. बाहेर उन्हात फोटो झकास येतात. घरात काढले की बोंब. गौरी-गणपतीत आरतीचे काढले तर निम्मे हललेले आणि सगळे पिवळेधमक. ऑटोवर ठेवला की फ्लॅश टुणकन वर येतो, मग पुढच्यांचे चेहरे पांढरेफटक आणि मागचा गणपती अंधारात. त्याच वेळी भाच्याने मोबाईलवर काढलेला फोटो स्वच्छ. घरच्या ग्रुपवर अर्थातच तो गेला.

एका हललेल्या फोटोची माहिती उघडून पाहिली: १/८, एफ ५.६, आयएसओ १६००, ५५ मिमी. यातलं मला आयएसओ वाढला की फोटो खरखरीत होतो एवढंच कळतं. कॅमेरा बिघडलाय, लेन्स टुकार आहे, की मीच? विकणारा म्हणतो, ५० एमएमची लेन्स घ्या, सगळं सुटेल. घेऊ का?

टवाळ
आरती संपताना सगळे स्वतःभोवती गोल फिरतात. कॅमेऱ्याने तरी काय करावं?

कट्टेकरी
जागा धरून ठेवतो. जाणकार येऊन प्रकाश टाकतीलच. इथे गरजही त्याचीच आहे.

देवरुखचा_बापू
ताई, कॅमेरा ठणठणीत आहे. तुम्ही दिलेल्या चार आकड्यांतच उत्तर आहे.

१/८ म्हणजे शटर सेकंदाचा आठवा भाग उघडं राहिलं. टाळी वाजवणारा हात तेवढ्यात वीतभर सरकतो. लेन्सवर व्हीआर लिहिलेलं असेल तर ती तुमच्या हाताचा कंप सावरून घेते, पण समोरचा माणूस हलतोय त्याला तिचा इलाज नाही. ५५वर हातात धरून काढायचा तर शटर निदान १/८० हवं. लेन्सचे जितके मिमी तितकं शटर हा ठोकताळा, पण इथे ५५ला आधी दीडने गुणायचं, कारण या निकॉनचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे.

दुसरं, तुम्ही झूम केलं होतं. या लेन्सचं भोक झूम करता करता लहान होतं. १८ला एफ ३.५, ५५ला एफ ५.६. आकडा मोठा तर भोक लहान, हे उलटं गणित सुरुवातीला सगळ्यांनाच छळतं. झूम मागे १८वर आणा आणि पायाने पुढे व्हा. प्रकाश तिथेच अडीचपट वाढला. मग आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा, १६००चा ३२०० करा, आणखी दुप्पट. त्याच खोलीत, त्याच दिव्यांत तुमचं १/८चं १/४० झालं. ६४०० केलात तर १/८०. खर्च शून्य.

खरखर येईल. येऊ द्या. ती नंतर बरीच कमी करता येते, हललेलं नाक जागेवर आणता येत नाही.

आता भाच्याचा मोबाईल. त्याची लेन्स एफ १.८च्या आसपासची, म्हणजे तुमच्या ५.६च्या जवळजवळ दहापट उजेड आत घेणारी. सेन्सर मात्र चिमुकला. ती उणीव तो हुशारीने भरून काढतो: तुम्ही एकदा बटण दाबता, तो अनेक फोटो घेऊन एकमेकांवर बसवतो, खरखर पुसतो, सावल्या उजळतो आणि मग दाखवतो. मोबाईल ताट वाढून देतो, कॅमेरा शिधा देतो.

शेवंती
बापू, भोक म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला! 'ॲपर्चर' ऐकून ऐकून घाबरले होते. मग पिवळ्याचं काय?

देवरुखचा_बापू
व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा पांढरा कशाला मानतो ते. साध्या पिवळ्या बल्बखाली निकॉनचा ऑटो बराच पिवळेपणा ठेवतो. मेनूत बल्बचं चित्र असलेला पर्याय निवडा. किंवा रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत काढा, म्हणजे रंग नंतर कॉम्प्युटरवर हवा तसा फिरवता येतो. त्यासाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. फक्त समई-निरांजनाच्या उजेडातला पिवळा सगळा काढू नका, नाहीतर गाभारा दवाखान्यासारखा दिसतो.

मॅन्युअल_मन
वरचं सगळं बरोबर, पण ऑटोवर राहून यातलं काहीच हातात येणार नाही. एम मोड लावा आणि त्यातून बाहेर पडू नका. भोक, शटर, आयएसओ तिन्ही स्वतः ठरवा. दोन महिने फोटो वाईट येतील. नंतर कुठल्याही कंपनीचा कॅमेरा हातात आला तरी अडणार नाही. ऑटोवरच वापरायचा तर मोबाईल काय वाईट?

लिंबलोण
@मॅन्युअल_मन, हाच सल्ला ऐकून माझ्या नवऱ्याने पोरीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो काढले. केक कापून, खाऊन झाला तरी हा चाक फिरवतोय. ए मोड घ्या हो ताई. भोक आपण ठरवायचं, शटर कॅमेरा बघतो. आयएसओच्या मेनूत ऑटो चालू करून 'किमान शटर' १/६० किंवा १/१२५ टाकून ठेवा. कॅमेरा त्याखाली जाण्याआधी आयएसओ वाढवतो. माझं ९० टक्के काम यावर होतं.

मॅन्युअल_मन
त्यात शिकलात काय?

लिंबलोण
केक कधी कापतात ते.

टवाळ
सुटलेला षटकार :)

जुनाखोड
आम्ही शिकलो तेव्हा रोलमध्ये ३६ फोटो. धुऊन येईपर्यंत आपण कुठे काय लावलं होतं तेही आठवायचं नाही, म्हणून खिशात वही. उन्हात उजेड मोजायचा मीटर लागायचाच नाही. एफ १६ ठेवायचं आणि फिल्म १००ची असेल तर शटर शंभराच्या जवळ, ४००ची असेल तर चारशेच्या जवळ. आजही लख्ख उन्हात तुमच्या डी३२००वर करून बघा, बरोबर येतं. आजच्या पोरांना मागे स्क्रीन असते, लगेच दिसतं काय चुकलं. तरी शिकत नाहीत, कारण चुकलं तर आणखी चाळीस काढतात.

निरुपयोगी_विद्या
काका, आदर आहे, पण रोलच्या काळात शिकले त्यांच्याहून कितीतरी जास्त लोकांनी खर्चापायी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. चाळीस काढू देत की. आमच्या घरात माझ्या आजीचा एकच फोटो आहे, तोही आधारकार्डाचा.

आणि जरा विरोधी सूर लावते. ताईंना आरती, वाढदिवस, सहल एवढंच हवं असेल तर मोबाईल पुरे आहे. डीएसएलआर आणायचा, चार रविवार मिरवायचा आणि मग कपाटात, हे मी चार घरांत पाहिलंय. कॅमेरा जड म्हणून घरी राहतो, आणि घरी राहिलेला कॅमेरा फोटो काढत नाही.

शेवंती
@निरुपयोगी_विद्या, कपाटाची भीती मलाही आहे. पण मोबाईलवर फोटो काढताना मी काही बघत नाही, नुसती टिपते. डोळा लावला की बघायला होतं. एवढ्यासाठीच घेतला.

देवरुखचा_बापू
कपाटाचा विषय निघालाच आहे तर: कपाटात ठेवू नका. अक्षरशः. विशेषतः पावसाळ्यात, आणि त्यातही चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत. आमच्याकडे कोकणात आषाढ-श्रावणात न वापरलेल्या लेन्सवर बुरशी धरते. आधी धुरकट ठिपका, मग कोळिष्टकासारखे पांढरे तंतू काचेच्या आत पसरतात. लेन्स उघडून साफ करून घ्यावी लागते आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही.

महागडं ड्राय कॅबिनेट नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि ऑनलाइन मिळतं ते छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की निवांत. जेलचा रंग बदलला की ती ओली झाली, गरम करून परत वापरता येते. निळी जेल स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका, तिच्यात कोबाल्टचं संयुग असतं. नारिंगी मिळाली तर ती घ्या.

पाटलीण_बाई
तांदळात ठेवला तर?

देवरुखचा_बापू
तांदळाची पिठी लेन्सच्या खाचांत जाऊन बसते. तांदूळ भातासाठी ठेवा.

अक्षांश
जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी, ताईंचा घेऊन झालाय तरी. फोर्टात बोरा बाजारात घ्या नाहीतर ओळखीत, बघायचं तेच. लेन्स काढून एका बाजूने मोबाईलची बॅटरी मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा, बापू म्हणतात ते तंतू असतील तर लगेच दिसतात. धुळीचे दोन-चार कण असतातच, त्याने काही बिघडत नाही. मग भोक एफ १६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके आले तर सेन्सरवर धूळ आहे, ब्लोअरने बरीच जाते. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. निकॉनच्या फोटो-फाइलीत शटर किती वेळा उडालंय तो आकडा असतो, तो दाखवणाऱ्या वेबसाइट्स आहेत. या वर्गातली शटरं साधारण १ लाखापर्यंत तपासलेली असतात, पण तो आकडा ओलांडला की बंद पडतं असं नाही. विकणारा 'फारसा वापरलाच नाही' म्हणत असेल आणि आकडा ८० हजार निघाला तर भाव पाडायला उपयोगी.

शेवंती
माझा बघितला. २१ हजार आहे. आणि भिंतीच्या फोटोत तीन ठिपके.

टवाळ
दृष्ट लागू नये म्हणून आहेत, राहू द्या.

झिपरी
मध्येच घुसते. मी कॉलेजात आहे, आमच्याकडे सध्या सगळ्यांना जुने खिशातले डिजिटल कॅमेरे हवेत, फ्लॅशमध्ये त्यांचा रंग भारी येतो म्हणून. बाबांचा कॅनन पॉवरशॉट सापडला, पण ३२ जीबीचं कार्ड घातलं की 'कार्ड एरर'. मेला का तो?

अक्षांश
नाही गं, जिवंत आहे. २००६च्या आधीच्या कॅमेऱ्यांना एसडीएचसी, म्हणजे २ जीबीहून मोठं कार्ड वाचता येत नाही. २ जीबीचं किंवा त्याहून लहान साधं एसडी कार्ड शोध. ए मालिकेतला असेल तर पेन्सिल सेल लागतील, ते चार्ज होणारे निकेलवाले घे, साधे सेल तो लगेच संपवतो.

झिपरी
थँक्यू दादा!! बाबांच्या ड्रॉवरमध्ये ५१२ एमबीचं होतं. त्यात मी रांगतेय :D

सह्यवेडा
माझं १८-५५चं पानिपत जेजुरीला झालं. सोमवती अमावस्येला गडावर भंडारा उधळतात तेव्हा वरून फोटो काढायला गेलो. रंग असा की डोळे दिपतात. पण ही कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम करताना लांब-आखूड होते, म्हणजे प्रत्येक वेळी हवा आत ओढते, आणि त्या हवेत भंडारा. आजही झूम फिरवलं की कर्र वाजतं. तिथे जाणाऱ्यांनी कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घालून रबर लावा, झूम एका जागी ठेवा आणि काहीही झालं तरी लेन्स काढू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. आधीच कापड फिरवलं तर भुकटी काचेवर घासली जाते.

मॅन्युअल_मन
जेजुरी, दिवे घाटातली पालखी, कासची फुलं. महाराष्ट्रात नवशिक्याला याशिवाय दुसरं काही दिसतच नाही. सगळ्यांचे तेच फोटो.

सह्यवेडा
फुलंही तीच उमलतात दरवर्षी. त्यांना सांगून बघा.

फलटणची_सून
दिवे घाटावरून आठवलं म्हणून लिहिते. धागा तांत्रिक आहे, तरी लिहिते.

आमच्या भागातून माउलींची पालखी जाते. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. पूर्वी तिथे वर्तमानपत्रांचे मोजके फोटोग्राफर असायचे, आता वारकऱ्यांइतकेच कॅमेरे वाटतात. त्याचं काही नाही, वारी कुणाच्या मालकीची नाही. पण माझ्या सासूबाई एका वर्षी रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावत होत्या. डोळ्यांत पाणी. एक मुलगा गुडघ्यावर बसून त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर लेन्स लावून टकाटक काढत होता. आणि मग म्हणाला, 'आजी, परत एकदा लावा ना, फोकस गेला.'

त्यांनी लावली परत. वारीत कुणाला नाही म्हणायचं नाही, अशी त्यांची समजूत. मला आजही राग येतो.

शेवंतीताई, भोक आणि शटर इथले लोक शिकवतीलच. जवळ जायच्या आधी नजरेने तरी विचारायचं, हे कुठल्या मेनूत नसतं.

निरुपयोगी_विद्या
प्रतिसाद काळजात गेला.

जुनाखोड
+१. आमच्या वेळी सगळे सभ्य होते असं म्हणणार नाही. रोल महाग होता म्हणून कमी त्रास दिला, इतकंच.

मॅन्युअल_मन
पण विचारलं की तो क्षण जातो. माणूस सावरून बसतो, पदर नीट करतो, हसतो. रस्त्यावरची फोटोग्राफी परवानगी मागून होत नाही.

फलटणची_सून
मग जाऊ द्या ना एखादा क्षण. सगळे आपल्यालाच मिळाले पाहिजेत का?

देवरुखचा_बापू
मधला रस्ता आहे. बाजारात एखाद्या कोळिणीचा फोटो हवा तर आधी अर्धा किलो मासळी घ्या, दोन शब्द बोला, मग कॅमेरा काढा. पहिले पाच-सहा फोटो ती कॅमेऱ्याकडे बघते. नंतर गिऱ्हाईक येतं आणि ती तुम्हाला विसरते. क्षण तेव्हा येतो. आणि घरी फोटो आला नाही तरी मासळी येते.

कट्टेकरी
बापूंचा धंदा नक्की कॅमेऱ्याचा की मासळीचा?

शेवंती
मंडळी, बरेच दिवसांनी येतेय, हा अहवाल.

ए मोड, झूम १८वर, ऑटो आयएसओ कमाल ६४००, किमान शटर १/६०. घरात काढलेले फोटो हलायचे जवळजवळ थांबले. खरखर आहे, पण सासऱ्यांचा पेपर वाचतानाचा एक असा आलाय की त्यांनी स्वतः मागून घेतला, आणि ते कधी काही मागत नाहीत. बटण आधी अर्धं दाबायचं, फोकसची टिकटिक ऐकायची, मग पूर्ण दाबायचं, हे इथे कुणीच सांगितलं नव्हतं बरं का! ते मला पोरीने शिकवलं.

नवी अडचण: खिडकीपाशी बसवून काढलं की खिडकी छान आणि माणूस काळा. आणि ५० एमएमचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

लिंबलोण
अर्धं बटण राहिलंच की! कान पकडले.
काळ्या माणसाचं: कॅमेरा सगळ्या चौकटीचा हिशोब लावतो, खिडकी इतकी उजळ की त्याला वाटतं फोटो जास्त उजळ झाला, म्हणून तो दाबतो. शटरच्या मागे ± बटण आहे, ते धरून चाक फिरवा, +१ किंवा +१.३ करा. खिडकी पांढरी जळेल, जळू दे. नंतर परत शून्यावर आणायला विसरू नका. किंवा सरळ खिडकीकडे पाठ करून उभ्या राहा आणि माणसाचं तोंड खिडकीकडे फिरवा. पातळ पडदा असेल तर यासारखा उजेड स्टुडिओतही मिळत नाही.

अक्षांश
५०बद्दल. थांबा आणि नीट बघून घ्या. निकॉनच्या ५० एफ १.८च्या दोन लेन्स फिरत असतात. नावात 'डी' असलेली जुनी, स्वस्त, विकणारे तीच पुढे करतात. तिचा फोकस कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालतो आणि डी३२००मध्ये ती मोटर नाही. लेन्स बसेल, फोटो निघेल, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने. नावात 'एएफ-एस' आणि 'जी' असलेली घेतली तर आपोआप होतो.

तरी आरतीसाठी ५० नकोच. या सेन्सरवर ती ७५सारखी वागते, दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी दोनच माणसं मावतील. ३५ एफ १.८ डीएक्स बघा, डीएक्स म्हणजे याच लहान सेन्सरसाठीची. उजेड तितकाच आणि चौकटीत घर मावतं. एकेकट्याचे चेहरे काढायचे असतील तर मात्र ५० गोड आहे.

मॅन्युअल_मन
हे पटलं. आणि ती घेण्याआधी तुमची १८-५५ आठवडाभर ३५वर ठेवून फिरा, झूमला हात न लावता. चौकट अंगवळणी पडते का ते फुकटात कळेल.

टवाळ
मॅन्युअल_मन आणि अक्षांश यांचं एकमत! धागा वाचनखुणेत साठवतो.

शेवंती
विकणारा डीच देत होता! वाचवलंत. ३५वर ठेवून दिवाळीपर्यंत काढते, मग बघू. घरचेही 'अजून एक लेन्स?' ऐकायला तेवढ्यात तयार होतील.

पाटलीण_बाई
माझंही एक शंकानिरसन करा. नवे एलईडी दिवे लावल्यापासून घरातल्या फोटोंत आडवे पट्टे येतात. शटर १/५००. कॅमेरा गेला का?

देवरुखचा_बापू
नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटर पकडतं. १/१०० किंवा १/५० ठेवून बघा.

पाटलीण_बाई
१/१००वर दिव्यांचे गेले. टीव्हीवरचे नाही गेले.

देवरुखचा_बापू
तिथे हा नियम चालत नाही, त्याचं लुकलुकणं वेगळं असतं. टीव्ही बंद करा.

पाटलीण_बाई
मालिका चालू आहे. सासूबाई उठवतील मला.